पिठाच्या डब्यातली पेटी

४ जून

ताई,

पेटी पोचली. सही मी केली, कारण हे दुकानात होते आणि पोस्टमनला थांबायला सवड नव्हती. वर नाव ह्यांचं आहे, ते मी वाचलं. आत काय आहे ते जकातीच्या कागदावर होतं : सिगार, एक पेटी, दुसरं काही नाही. म्हणजे चिठ्ठीसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी मी जे बोलले ते तू शब्दाला शब्द पाळलंस. माझ्या नवऱ्याला पत्रं लिहू नकोस म्हणाले होते, पेटी पाठवू नकोस म्हणाले नव्हते. तुझं डोकं पहिल्यापासून वकिलाचं.

जकात भरावी लागली. तक्रार नाही. फक्त संध्याकाळी हिशेब लिहायला बसले तर कुठल्या सदरात घालू ते कळेना. घरखर्च म्हणावं तर घरात कुणाच्या पोटात जाणार नाही. दानधर्म म्हणावं तर देवाला चालणार नाही. शेवटी ‘किरकोळ’मध्ये घातली. राग मानू नकोस, झालं ते कळवते.

हे आले तेव्हा मी देवापुढच्या दिव्याची वात वळत होते. पेटी हातात घेतली, तळाशी डागलेली अक्षरं वाचली, कडेची सरकारी शिक्क्याची हिरवी पट्टी उजेडात तिरपी धरून पाहिली आणि म्हणाले, “क्यूबन. बाईंनी क्यूबन पाठवली.” बाई म्हणजे तू. माझ्याशी लग्न होऊन मुलगी कॉलेजात गेली, तू मोठी मेव्हणी झालीस, तरी ह्यांच्या तोंडून अजून ते तू दुकानात गल्ल्यामागे बसायचीस तेव्हाचं ‘बाई’च निघतं, आणि निघताना आवाज जरा खाली येतो. तसा आवाज मी माझ्यासाठी कधी ऐकला नाही. मला हाक मारतात ती “अगं, चष्मा कुठे ठेवलास” एवढीच.

मग माझ्याकडे पाहिलं. मी वात वळत राहिले. “असू दे, आत्ता नको उघडायला,” म्हणाले. मला बरं वाटलं म्हणेतो माझा पिठाचा मोठा डबा रिकामा केला, कोरडा पुसला, पेटी त्यात ठेवली, सोबत ओलावा धरून ठेवणारी ती दुकानातली पुडी टाकली, झाकण घट्ट लावलं आणि डबा कपाटावर चढवला. पीठ सध्या पातेल्यात आहे.

ह्यांचा वाढदिवस होऊन गेला. आमच्या लग्नाचा वाढदिवस लांब आहे. मग पेटी कशाबद्दल, एवढंच विचारायला हे पत्र.

तुझी,
धाकटी

२१ जून

ताई,

कार्ड मिळालं. माझ्या नावावर आलं म्हणून दारातच उभ्याउभ्या वाचलं. “पेटी उघडली का? पुढच्या महिन्याच्या अखेरीआधी कळलं तर बरं.” संपलं. माझे गुडघे कसे आहेत, मुलगी काय शिकते, काही नाही. पूर्वी ह्यांना लिहायचीस तेव्हा अख्खं पत्र तंबाखूवर असायचं, कुठल्या मळ्यातलं पान यंदा कसं उतरलं, कुणाच्या सिगारला कशी ओढ आहे, आणि शेवटी कोपऱ्यात एक ओळ, ‘तिला आशीर्वाद’. निदान ती ओळ तरी यायची.

तर उत्तर : नाही उघडली. हे उघडत नाहीत. जाता येता वर बघतात मात्र. काल मुलगी म्हणाली, “आई, बाबांनी कपाटावर दुसरा देव बसवलाय का?” मी तिला हसू नकोस म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यातलं पीठ चाळलं. त्यात काही नव्हतं, तरी चाळलं.

कार्ड ह्यांना दाखवलं नाही. माझ्या नावावर होतं.

तुला कौतुक हवंय, ते मला कळतं. तिकडे परदेशी मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात तू माल पास करतेस, तुझ्या सहीशिवाय पेटी मांडणीवर जात नाही, हे ह्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की माझ्या पोथीइतकं पाठ झालंय. पण महिनाअखेरीची मुदत घालून कौतुक मागणारी तूच.

दोन वर्षांपूर्वी तू आली होतीस तेव्हाचं सांगते, म्हणजे तू निघालीस त्या सकाळी मी पत्रांबद्दल तसं का बोलले ते तुला कळेल. गॅलरीत तुम्ही दोघं बसला होतात. क्यूबाचं पान आणि बाहेरचं पान, एवढा एकच विषय, चहापासून दिवेलागणीपर्यंत. मी चहा आणला, कप नेले, पुन्हा आणला. बस म्हणालं नाही कुणी. खुर्ची तिसरी होती, तिच्यावर तुझी शाल होती. मग तुम्ही कशाला तरी खूप हसलात. मी विचारलं, काय झालं. तू डोळे पुसत म्हणालीस, “तुला नाही कळायचं गं.”

तू विसरली असशील. मी कप विसळताना ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, कुठे गोड लागतं का ते बघायला.

धाकटी

२ जुलै

ताई,

तुला सांगितलं तर खोटं वाटेल. मी ह्यांना म्हणाले, मला शिकवा.

“काय शिकवू?” म्हणाले.

“तेच. क्यूबन म्हणजे काय आणि क्यूबन नाही म्हणजे काय.”

बराच वेळ चष्म्यावरून बघत राहिले. ज्या बाईनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दुकानाचे कपडे गॅलरीतच बदलून आत यायचं असा नियम केला, तिनं हे विचारावं. ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावायचेच काय ते राहिले. पण दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळून दोन सिगार घेऊन आले. दुकानात हाताळून पान फाटलेले, विकता न येणारे. ओढायचं नाही, फक्त वास, असं मी आधी बजावून घेतलं. देवाला दिवा लावून झाला की आम्ही गॅलरीत बसतो. दोनच खुर्च्या ठेवल्यात.

तुला माहीत असलेलंच तुला लिहिते आहे. पण माझ्याकडूनही एकदा ऐक.

सिगारमध्ये तीन पानं. आत भरायची, त्याला बांधून धरणारं, आणि वरून गुंडाळलेलं दिसायला देखणं. क्यूबन म्हणजे ही तिन्ही तिथल्याच मातीत उगवलेली आणि तिथेच हातानं वळलेली. बाहेरच्यांना तशी सक्ती नाही. वरचं पान एका देशातलं, आतलं दुसऱ्या, बांधायचं तिसऱ्या, ज्याला जे जमेल ते. हे म्हणतात त्यात कमीपणा काही नाही, उलट बाहेरचे हात जास्त सारखे चालतात; दहा ओढले तर दहाही नीट पेटतात. क्यूबनचा मात्र भरवसा नाही. एखादा इतका घट्ट वळलेला असतो की गाल दुखतात, आणि एखादा असा निघतो की माणूस वर्षभर त्याचीच आठवण काढतो. गिऱ्हाईक दुकानात शिरल्या शिरल्या “क्यूबन आहे का” विचारतं, आणि ह्यांना मनातून वाटतं, बाबा, तू नाव मागतोयस, सिगार नाही.

वासाचं मी माझ्या शब्दांत लिहिते. क्यूबनचा वास मला नुकत्याच शिंपडलेल्या मातीचा येतो, आणि जुन्या लाकडी पेटीत बरेच दिवस ठेवलेल्या कपड्यांचा. मागाहून किंचित मध. निकाराग्वाचा आला की आधी नाकाच्या शेंड्याला मिरी लागते, मग कॉफी. डॉमिनिकन मवाळ, वाळलेल्या गवतासारखा, दुधाच्या सायीजवळ जाणारा. हे सांगितलं तेव्हा ह्यांनी वहीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. “कुठे वाचलंस?” म्हणाले. मी मॅट्रिक झालेली बाई, असलं कुठे वाचणार. वास आला तो सांगितला.

आणखी एक. एकाच नावाचे सिगार दोन ठिकाणी बनतात, हे मला नवं होतं. क्यूबात सरकारनं कारखाने ताब्यात घेतले तेव्हा काही मालक बी आणि नाव बरोबर घेऊन डॉमिनिकन मुलखात गेले आणि तिथल्या मातीत पेरलं. नाव तेच, बी तेच, चव वेगळी. मला लगेच सुचलं. मी म्हणाले, “म्हणजे आम्हा बहिणींसारखं. एक घरच्या मातीत राहिली, ती मी. एक बी घेऊन लांब गेली, ती ताई. म्हणजे क्यूबन मी.”

हे हसले. मग ज्या पाकिटातला रविवारी एक ओढतात ते खिशातून काढून माझ्यापुढे धरलं. डॉमिनिकन.

“दर रविवारी कुठे परवडतंय क्यूबन,” म्हणाले. पण मला जे लागायचं ते लागलं. ती उपमा मी सोडून दिली आहे.

धाकटी

९ जुलै

ताई,

मी पेटी उघडली.

हे मोजदादीसाठी दिवसभर दुकानात, मुलगी कॉलेजात. देवाला सांगितलं, चोरी नाही, पिठाचा डबा माझा आहे. देव काही बोलला नाही. स्टुलावर चढून डबा उतरवला. हिरवी पट्टी चाकूच्या पात्याला वाफ देऊन अलगद सोडवली. आलेल्या पाकिटांची तिकिटं सोडवते तशीच, कुठे फाटली नाही.

आत पातळ लाकडाचा पापुद्रा आणि खाली सिगार, सगळ्यांच्या कमरेला तोच पट्टा, सगळे पट्टे वर तोंड करून. दिसायला शाळेतली प्रार्थनेची रांग. फक्त मधला एक उलटा. डोकं पायाकडे, पट्ट्याचं तोंड खाली. मला हसू आलं. इतकी किमती वस्तू पाठवायची आणि त्यातही तुझा तो जुना पसारा. आठवतं, तुझ्या चपला, एक दाराच्या आत, एक बाहेर, आणि आई मला म्हणायची, “तेवढ्या सरळ कर गं.” मी आजही सरळ केला. बाकीच्यांच्या ओळीत नीट बसवला, पट्टा वर घेतला.

वास घेतला. आवडला नाही. पण तुझं काय मला आवडतं, तेव्हा त्यावर जाण्यात अर्थ नाही. महिनाभर ज्या पेटीवर जळते आहे तिचा वास गोड कसा लागावा. पट्टी परत चिकटवली, डबा वर.

हे पत्र पोस्टात टाकायचं म्हणून लिहायला घेतलं. पण दुसऱ्याच्या नावाची पेटी उघडली हे स्वतःच्या अक्षरात तुझ्या हाती द्यायचं, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हा दोघांना हसायला आणखी एक. पोथीत ठेवते. बघू.

१५ जुलै

ताई,

मागचं पत्र पोथीतच आहे. हेही तिथेच जाईल बहुतेक.

काल गॅलरीत हे रंगात आले होते. दुकानाच्या जुन्या मालकांच्या गोष्टी निघाल्या. तू गल्ल्यामागे बसायचीस आणि हे नुकतेच शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेले, तेव्हाच्या. तुला अजून ह्यांना ‘उमेदवार’च म्हणताना मी ऐकलंय, तेही मला आवडत नाही, पण ते असो.

हे म्हणाले, मालकांचा नियम होता, गिऱ्हाइकासमोर मालावर शंका बोलायची नाही. चेहऱ्यावरही आणायची नाही. एखाद्या पेटीबद्दल मनात आलं की वर लिहिलाय तोच माल आत आहे का, तर गुपचूप मधला एक सिगार उलटा ठेवायचा आणि पेटी पुढच्याकडे सरकवायची. म्हणजे : मला कळत नाही, तू बघ. पुढच्यानं बघायचं. खरा माल असेल तर त्यानं तो सिगार सरळ करायचा. सरळ केला की पास. खोटा असेल तर तसाच राहू द्यायचा, आणि पेटी मागच्या खोलीत जायची.

माझ्या हातात त्यांचा चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला.

“ताई किती वेळा उलटा ठेवायची?” मी विचारलं.

“बाई?” हे हसले. “बाई कशाला ठेवतील. आम्ही ठेवायचो, मालकसुद्धा ठेवायचे. बाई सरळ करायच्या. त्यांना कुणाला विचारायची वेळ आलेली मी पाहिली नाही.”

ताई, तू ती पेटी भेट म्हणून पाठवलीच नव्हतीस. तू विचारत होतीस. पत्र लिहायची मी बंदी केली होती, म्हणून तुझ्याजवळ विचारायची जी एक रीत उरली होती त्या रीतीनं विचारलंस. आणि ह्यांनी घरात भांडण नको म्हणून पेटी उघडली नाही, आणि मी उघडली, आणि सरळ केला. पास केला मी. काही न कळता.

तरी मी ह्यांना सांगितलं नाही. का, ते तुलाच लिहू शकते, कारण तूही मला ओळखतेस. सांगितलं की डबा खाली येईल, दुकानाचा तो आवाज परत येईल, बाई, बाई, फोन होतील, आणि मी पुन्हा कप नेणारी. हे थोडे दिवस गॅलरीत दोन खुर्च्या होत्या आणि दुसरीत मी होते. संध्याकाळी देवापुढे हात जोडले, पण मागायला काही सुचेना. जे मागावंसं वाटत होतं ते देवाकडे मागण्यासारखं नव्हतं.

आज जेवताना हे म्हणाले, मीठ कमी पडलंय. माझ्या हातून इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

२० जुलै

ताई,

फोनवर आपलं बोलणं झालं, तरी लिहिते. फोनवर मी अर्धं बोलले आणि तू पाव. आधीची दोन्ही पत्रं याच पाकिटात घातली आहेत. नऊ तारखेचं वाचताना दात ओठ खाशील, खा.

परवा सकाळी चहा घेतानाच ह्यांना सांगितलं. कार्ड पुढे ठेवलं, पेटी उघडली ते सांगितलं, उलट्या सिगारचं सांगितलं. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द बोलता आले असते. त्यांनी फक्त विचारलं, “उलटा होता? नक्की? वाटेत हलून नाही?”

“डोकं पायाकडे होतं,” मी म्हणाले. “हलून तसं होत नाही.”

खाली बसले. मग सावकाश म्हणाले की तुझ्या दुकानात वर्षाचा मोठा माल महिनाअखेरीला पास होतो, सही तुझी, आणि एकदा सही झाली की माल परत जात नाही, नुकसान सही करणाऱ्याच्या माथी. “बाईंनी विचारलं, म्हणजे बाईंना कळेना झालंय,” म्हणाले. “आणि तिथे कुणाला विचारता येत नाही, म्हणजे तिथे कुणाला ते माहीत नाही.”

त्यांचा चेहरा पाहून मला काय वाटलं ते लिहू का? काळजी नाही वाटली आधी. आधी वाटलं, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी हा चेहरा असा झाला होता का. मग आठवलं, तेव्हा मी गुंगीत होते, कसा दिसणार.

डबा त्यांनी उतरवला. पेटी उघडून ते हात घालणार तोच मी म्हणाले, “थांबा. आधी मी.”

त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. गंमत नाही केली. जशी तुझ्यापुढे सरकवत असतील तशीच.

मी तोच मधला घेतला, मी सरळ केलेला. नाकाजवळ पायाचं टोक धरलं, जिथून पेटवतात ते, कारण तिथे आतलं पान उघडं असतं. वरून पहिल्यांदा माती आली, बरोबर, जुनं लाकूडही आलं. पण ते पेटीच्या पापुद्र्याचं होतं, सिगारचं नाही. सिगार बाजूला नेऊन खिडकीशी धरला तर ते गेलं. राहिली ती मिरी. अगदी शेंड्याला. मागून कॉफी. त्या दिवशी मला जे आवडलं नव्हतं ते तेच होतं, आणि मी समजले माझंच मन कडू आहे.

“वरचं पान कुठलं ते मला सांगता येणार नाही,” मी म्हणाले. “पण आत निकाराग्वा आहे. क्यूबन नाही ही.”

मग त्यांनी घेतला. बोटांनी दाबून पाहिला, वास घेतला, पुन्हा घेतला. वर्तमानपत्र पसरून पात्यानं मधोमध चिरला आणि आतली पानं उलगडून एक एक वेगळं केलं. दुसरा एक पेटवून गॅलरीत उभे राहिले, सकाळी, न्याहारीआधी, माझ्या घरात. मी राखेला एक बशी नेऊन दिली. आत आले तेव्हा म्हणाले, “बनवणारा हात चांगला आहे. सिगार वाईट नाही. पण पट्टा खोटा आहे. तू म्हणतेस तेच.”

“त्या हिरव्या पट्टीवरून पहिल्याच दिवशी कळलं नाही का तुम्हाला?”

“पट्टी इतकी हुबेहूब आहे की बाहेरून मीही फसलो. म्हणून तर बाईंनी पाठवली.” मग चिरलेली पानं कागदात गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू बाईंचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात यायचीस ना. रुमाल नाकाला लावून दारातच उभी राहायचीस. एकदा बाई मालकांच्या कामाला बाहेर गेल्या होत्या, तुला माहीत नव्हतं, तू डबा आणलास आणि दारातूनच म्हणालीस, आज आतून कुबट वास येतोय. आम्ही सगळे आतच बसलेले, कुणाला काही नाही. शोधलं तर मागच्या फळीवर एका पेटीला बुरशी धरली होती. मालक म्हणाले, ह्या घरात दुसरंही आहे.”

“दुसरं काय?”

“नाक. दुसरं काय.”

मी विचारलं, मग आजवर बोलला का नाहीत. म्हणाले, “तू तंबाखूचं नाव तरी काढू दिलंस का घरात?”

ताई, आई दूध तापवायच्या आधी भांडं तुझ्या नाकाशी धरायची. टिकेल का गं, म्हणून. तू सांगायचीस ते खरं व्हायचं. मी शेजारी उभी असायचे आणि मलाही कळलेलं असायचं, तुझ्याइतकंच, कधी तुझ्याआधी. मला कुणी विचारलं नाही. म्हणून मी सांगितलं नाही. तुझा त्यात दोष नाही, भांडं आईच्या हातात होतं. पण जळायला दोष लागतोच असं नाही.

ह्यांनी फोन पुढे केला आणि म्हणाले, तू लाव. तुझा नंबर मी वहीतून खोडला होता. पाठ होता.

आता तू जे बोललीस ते मी लिहून ठेवते, म्हणजे नंतर तुला बदलता येणार नाही. मी नमस्कार चमत्कार काही न करता म्हणाले, “ताई, क्यूबन नाही.”

तू विचारलंस, “कोण म्हणतं? उमेदवार?”

“नाही. मी.”

मला वाटलं, हसशील. तू हसली नाहीस. अगदी परीक्षा घेणाऱ्याच्या आवाजात म्हणालीस, “कशावरून?” मी मिरीचं सांगितलं, कॉफीचं सांगितलं, पेटीच्या लाकडाचा वास वेगळा आणि सिगारचा वेगळा ते सांगितलं. मग म्हणालीस, “मला वासच येत नाही गं. हिवाळ्यात ताप येऊन गेला, तेव्हापासून. कॉफीसुद्धा नुसतं गरम पाणी लागते. डब्यात काय आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही.”

आणि मग तू रडलीस. मी तुला कधी रडताना ऐकलं नव्हतं. दुसऱ्या खोलीत जाऊन रडायचीस बहुतेक.

मी धीर दिला नाही. त्याबद्दल ह्यांनी मला नंतर विचारलंही. मी काय धीर देणार होते. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता आईच्या भांड्यापुढे मी एकटीच उभी आहे. इतकं वाईट मनात आल्यावर देवाला दिवा लावून बसले आणि जे त्या दिवशी मागता आलं नव्हतं ते मागितलं. तुझं नाक परत मागितलं. खरंच मागितलं. डॉक्टर म्हणतात येतं कधी कधी, असं मुलगी कुठून तरी वाचून सांगत होती. डॉक्टरकडे जा. सांग तरी कुणाला तरी.

माल परत पाठवलास असं काल कळवलंस, ते बरं केलंस. कुणी विचारलं तर खुशाल तूच ओळखलंस म्हण. मला चालेल. आमच्या इथे काय ते हे आणि मी जाणतो. आधी मी ओळखलं, हे ह्यांच्याकडून मी दोनदा वदवून घेतलंय.

एक मात्र सांगायचं राहिलं. यापुढे दुकानात जी पेटी तुला संशयाची वाटेल ती इकडे पाठव. पिठाचा डबा मी त्यासाठीच ठेवलाय, पिठाला नवा आणला, आणि तो खर्च ‘किरकोळ’मध्ये घातला नाही. फक्त वर नाव माझं घाल. ह्यांचं नको. उघडीन मी, हे माझ्यानंतर. सोबत चिठ्ठी लिही, माझ्या गुडघ्यांचं विचार, आणि पेटीत मधला एक उलटा ठेव.

वास घेतल्याशिवाय मी तो सरळ करणार नाही.

तुझी,
धाकटी